मक्याचा पाव, बिडाचा तवा आणि पेलाग्राचा धडा

दख्खनच्या पठारावर ज्वारीच्या भाकरीला जे स्थान आहे, तेच स्थान अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्याच्या पावाला आहे. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी आणि दोन्ही कॅरोलिना येथील घराघरांतून हा पाव पिढ्यान्‌पिढ्या भाजला जात आहे. त्याला तेथे ‘कॉर्नब्रेड’ म्हणतात, आणि तो ज्या उभ्या काठाच्या, लांब दांड्याच्या बिडाच्या तव्यात भाजतात त्या तव्याला ‘स्किलेट’. मुलेबाळे परदेशी असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना हा तवा आता परिचयाचा झाला आहे.

प्रस्तुत लेखात या पावाची कृती द्यावयाची आहेच. परंतु वैद्यकीय व्यवसायातील वाचकांसमोर ती केवळ पाककृती म्हणून ठेवणे अपुरे ठरेल. ज्या ताटात हा पाव रोज वाढला जात होता, त्याच ताटाशी पेलाग्रा या रोगाचा इतिहास निगडित आहे. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे एक लाख दगावले, असा अंदाज आहे. पाव तोच, तवाही तोच. मग काहींच्या घरी तो सुग्रास अन्न कसा ठरला आणि काहींच्या घरी मृत्यूचा सोबती कसा झाला, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

बीडच का?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण साधारणतः दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते ओतण्यास सोपे, पण ठिसूळ असते. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले आणि ही भांडी सामान्यांच्या आवाक्यात आली. अमेरिकेत टेनेसी राज्यातील साउथ पिट्सबर्ग या लहानशा गावी जोसेफ लॉज यांनी १८९६ साली बिडाचा ओतकाम कारखाना काढला. तेथील तवे आजही जगभर जातात, आणि त्याच गावी १९९७ पासून मक्याच्या पावाचा उत्सव भरत आला आहे.

बीड उष्णता उत्तम पसरविते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तसे नाही. उष्णता पसरविण्याच्या कामी ॲल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी सरस आहे. बिडाचा गुण निराळाच आहे, तो म्हणजे उष्णता धरून ठेवण्याचा. दहा इंची तव्याचे वजन दोन किलोच्या वर भरते. एवढे वस्तुमान एकदा नीट तापले, की थंड पीठ ओतल्यावरही तव्याचा पृष्ठभाग एकदम निवत नाही. पातळ पत्र्याचे भांडे अशा वेळी गारठते आणि पीठ त्याला चिकटून बसते.

मक्याच्या पावाला याच गुणाची गरज असते. मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते. त्यामुळे पिठाला ताण देऊन वायू कोंडून ठेवणारी जाळी त्यात तयार होत नाही. सैलसर पीठ तापल्या तव्यात पडताक्षणी तळाशी असलेले पाणी वाफ होऊन निघून जाते, अंड्यातील प्रथिने गोठतात आणि खरपूस कवच धरते. हे कवच पावाला आधार देते. आत वाफ आणि सोड्यापासून निघालेला कर्बद्विप्राणिद वायू पिठाला फुलवितात. दरम्यान पिष्ट पाणी शोषून घट्ट होते. तवा थंड असेल तर कवच वेळेवर धरत नाही, पीठ फुलण्याआधीच वायू निसटतो आणि पाव चिवट व बसका होतो. ‘आधी तवा तापवा, मग पीठ ओता’ हा तिकडच्या गृहिणींचा कटाक्ष शास्त्रशुद्धच आहे. आपल्या घरी घावन किंवा आंबोळी घालताना याच नियमाचे पालन होत असते.

तवा ‘मुरतो’ म्हणजे काय होते?

नवा बिडाचा तवा खरखरीत असतो. तो पदार्थ सोडत नाही आणि लगेच गंजतो. त्यावर तेलाचा अत्यंत पातळ हात फिरवून तो कडक तापविला, की तेलातील असंतृप्त मेदाम्लांचे रेणू प्राणवायूच्या सान्निध्यात एकमेकांशी जोडले जातात आणि तव्यावर काळसर, कठीण पापुद्रा तयार होतो. जवसाच्या तेलात कालवलेला रंग भिंतीवर वाळून घट्ट होतो, तीच ही रासायनिक क्रिया. येथे उष्णतेने तिला वेग येतो एवढेच. असे अनेक थर चढले, की तवा मुरला असे म्हणावयाचे. तेलाचा थर जाड दिल्यास मात्र तो नीट न वाळता चिकट राहतो.

मुरलेला तवा रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नये; धुतल्यावर मंद आचेवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. सौम्य साबणाने पापुद्रा जात नाही. चिंच, कोकम, टोमॅटो असे आंबट पदार्थ फार वेळ शिजविल्यास मात्र तो निघू लागतो. तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतू नये; बीड ठिसूळ असल्याने तडकण्याचा संभव असतो.

कृती

दक्षिणेकडील जुन्या वळणाचा पाव बिनसाखरेचा असतो आणि त्यात गव्हाचे पीठ नसते किंवा नाममात्र असते. उत्तरेकडे साखर व मैदा सढळ हाताने घालतात. येथे दिलेली कृती दक्षिणेकडील वळणाची असून दहा इंची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या तव्यासाठी आहे.

साहित्य : मक्याचा बारीक रवा दोन कप (सुमारे ३०० ग्रॅम), बेकिंग पावडर एक लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, अंडी दोन, दाट ताक दीड ते पावणेदोन कप, तूप किंवा तेल चार मोठे चमचे.

रव्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे दुकानात ‘कॉर्नफ्लॉवर’ म्हणून जी पांढरी शुभ्र भुकटी मिळते ती मक्याचे निव्वळ पिष्ट असते. ती येथे चालणार नाही. संपूर्ण दाण्याचा पिवळा किंवा पांढरा रवा घ्यावा. तिकडचे ताक आपल्या ताकापेक्षा दाट व आंबट असते. म्हणून किंचित आंबट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावे. ताकातील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने बराचसा वायू तयार होतो, तेव्हा ताकाऐवजी दूध घातल्यास पाव नीट फुलणार नाही आणि सोड्याची चव मागे राहील.

प्रथम ओव्हन २२० अंश सेल्सिअसला तापवावा; रिकामा तवा त्यातच ठेवून द्यावा. कोरडे जिन्नस एकत्र करावेत. ताक व अंडी फेटून त्यात घालावीत आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. पीठ इडलीच्या पिठाएवढे सैल असावे. तवा बाहेर काढून त्यात तूप घालावे, सर्व बाजूंस फिरवावे, त्यातील निम्मे-अधिक तूप पिठात ओतून ढवळावे आणि लगेच पीठ तव्यात ओतावे. चर्र असा आवाज आला तर तवा योग्य तापला आहे असे समजावे. वीस ते पंचवीस मिनिटांत कडा तव्यापासून सुटू लागतात आणि मधोमध खुपसलेली काडी कोरडी बाहेर येते. पाच मिनिटे थांबून पाव ताटात उलटा करावा, म्हणजे खालचे खरपूस कवच वर येऊन कुरकुरीत राहते.

तव्याचा दांडाही बिडाचाच असल्याने तो पावाइतकाच तापतो. जाड कोरड्या फडक्याशिवाय त्याला हात लावू नये. हा तवा मायक्रोवेव्हमध्ये कदापि ठेवू नये. छोट्या ओव्हनमध्ये लांब दांडा मावत नसेल, तर दोन कानांची बिडाची कढई घ्यावी. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे अशा सीलिॲक रुग्णांना हा पाव चालू शकतो. मात्र रवा गव्हाच्या चक्कीवर दळलेला नसावा.

तव्यातून लोह किती मिळते?

‘लोखंडी भांड्यात शिजविले, की रक्त वाढते’ असे आपण रुग्णांना सांगत असतो. हे कितपत खरे, याचे उत्तर पदार्थावर अवलंबून आहे. १९८६ साली ब्रिटिन व नॉसमन या संशोधकांनी अमेरिकेत लोखंडी भांड्यात शिजविलेल्या वीस पदार्थांतील लोह मोजले. सफरचंदाच्या आंबट गरात दर १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅम असलेले लोह शिजविल्यानंतर ७.३८ मिलिग्रॅम झाले. मक्याच्या पावात मात्र ते ०.६७ वरून केवळ ०.८६ मिलिग्रॅमवर गेले.

कारण उघड आहे. लोह भांड्यातून सुटण्यासाठी आंबटपणा, ओलावा आणि वेळ या तीन गोष्टी लागतात. पावाच्या बाबतीत आंबटपणा सोड्याने बराचसा मारला जातो, ओलावा कवचामुळे लवकर आत कोंडला जातो आणि वेळही अल्प असतो. आपल्याकडील प्रौढ स्त्रीसाठी २०२० च्या शिफारशीनुसार रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. त्यापुढे पावाच्या १०० ग्रॅमच्या तुकड्यात तव्यातून मिळणारे ०.१९ मिलिग्रॅम एक टक्काही भरत नाही. शिवाय मक्यातील फायटेटमुळे शोषण मंदावते ते निराळेच.

याचा अर्थ लोखंडी भांडी निरुपयोगी आहेत असा नव्हे. इथिओपियातील बालकांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲल्युमिनियमच्या भांड्यांपेक्षा लोखंडी भांड्यांत शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढले होते. उलट, दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत आंबविलेली बिअर नित्य पिणाऱ्यांच्या यकृतात लोहाचा घातक संचय झाल्याचेही आढळले आहे. आमटी, सार, पालेभाजी यांसाठी लोखंडी कढई जरूर सुचवावी. पण केवळ तव्यावर भाजलेल्या भाकरीच्या किंवा पावाच्या भरवशावर पंडुरोगाच्या रुग्णाला सोडू नये.

दाण्यात असूनही न मिळणारे जीवनसत्त्व

लोहापेक्षा गंभीर प्रश्न नायसिनचा आहे. मक्यात नायसिन असते. परंतु त्याचा बराच भाग अशा बद्ध स्वरूपात असतो की, आपल्या आतड्यातून तो शोषला जात नाही. शरीर ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासूनही नायसिन तयार करते आणि त्यासाठी सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे एक मिलिग्रॅम नायसिन मिळते. पण मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅनचीही वाण असते. अशा रीतीने दोन्ही वाटा एकदमच बंद होतात.

मका ज्यांनी प्रथम पिकविला त्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील लोकांनी यावर फार प्राचीन काळीच तोडगा काढला होता. ते मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर भिजत ठेवीत, मग साल काढून वाटीत. या क्षारामुळे बद्ध नायसिन मोकळे होते. त्यांच्या ताटात घेवड्याच्या डाळी व भोपळाही असे. युरोपीयांनी मक्याचा दाणा आपल्याकडे नेला, पण चुन्याची रीत मागेच ठेवली. परिणामी, जेथे जेथे गरिबांचे पोट एकट्या मक्यावर आले, तेथे तेथे हा रोग पाठोपाठ गेला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ साली त्याचे वर्णन केले. गळ्याभोवतीच्या चट्ट्यांना आपण आजही ‘कासालचा कंठा’ म्हणतो. ‘खरखरीत त्वचा’ या अर्थाचे पेलाग्रा हे नाव इटलीत फ्रापोली यांनी १७७१ साली रूढ केले.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मका शतकानुशतके खाल्ला जात होता. मग विसाव्या शतकाच्या प्रारंभीच हा रोग का उफाळला? कापसाच्या शेतीने परसातील भाजीपाला व गाईगुरे हटविली. वाटेकरी शेतकरी आणि गिरणी कामगार उधारीच्या दुकानावर अवलंबून राहिले. त्यांच्या ताटात मक्याचे पीठ, उसाची काकवी आणि खारवलेली चरबी एवढेच उरले. त्यातच नव्या यंत्रगिरण्या टिकाऊपणासाठी दाण्यातील अंकुर काढून टाकू लागल्या, आणि उरलेसुरले पोषणही गेले. १९०७ साली डॉ. जॉर्ज सर्सी यांनी अलाबामातील माउंट व्हर्नन येथील मनोरुग्णालयातील ८८ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले होते.

गोल्डबर्गर यांची चिकाटी

हा रोग जंतुजन्य असावा असेच त्या काळी बहुसंख्य तज्ज्ञांचे मत होते. १९१४ साली अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे तपासाचे काम सोपविले. मनोरुग्णालये व अनाथाश्रम यांना भेटी देताना एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रोग निवाशांना होतो. त्यांच्यातच दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारकांना होत नाही. संसर्ग असा भेदभाव करीत नाही. ताट मात्र करते.

मिसिसिपीतील दोन अनाथाश्रमांत त्यांनी मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये देवविली आणि रोग हटला. १९१५ साली रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर शिक्षामाफीच्या आश्वासनावर काही कैद्यांना मका, तांदूळ, रताळी, काकवी अशा आहारावर ठेवण्यात आले. अखेरपर्यंत टिकलेल्या ११ पैकी ६ जणांत रोगाची लक्षणे दिसली. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे. तरीही टीकाकार नमले नाहीत. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांची पत्नी मेरी आणि काही सहकारी यांनी रुग्णांचे रक्त स्वतःस टोचून घेतले. गोल्डबर्गर व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या खपल्याही गिळल्या. कोणासही पेलाग्रा झाला नाही.

पुढे एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील सात गिरणीवस्त्यांची घरोघर पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे घटे तसतसा रोग वाढे. जेथे ताजे मांस व दूध वर्षभर विकत मिळे, तेथील कुटुंबे बचावत. रोगाचे मूळ पाकिटात आहे, हे मत त्या प्रांतांतील पुढाऱ्यांना रुचले नाही. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला तेव्हा गोल्डबर्गर यांच्या सल्ल्याने पूरग्रस्तांना यीस्टची भुकटी वाटण्यात आली. तिच्यात नेमके काय आहे हे ठाऊक नसतानाही ती गुणकारी ठरली. १९२९ साली गोल्डबर्गर निवर्तले. १९३७ साली कॉनराड एल्वेहेम यांनी कुत्र्यांतील तत्सम रोग निकोटिनिक आम्लाने बरा करून दाखविला आणि ते कोडे सुटले. १९४० च्या दशकात पिठात हे जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले आणि रोग ओसरला.

हैदराबादचा धागा

ही कथा दूरदेशीची वाटत असली तरी तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच शहरात लिहिला गेला आहे. १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आलेल्या आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील संशोधकांना दख्खनच्या पठारावरील गरीब ज्वारीभक्षकांतही पेलाग्रा आढळला. ज्वारीत ट्रिप्टोफॅनची मक्याइतकी वाण नसते. मग असे का व्हावे? १९६० साली सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे मांडले की, ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्यामुळे नायसिनच्या चयापचयात बिघाड होत असावा. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला आणि ती सर्वमान्य झाली नाही. तथापि व्यावहारिक निष्कर्ष तोच राहिला: केवळ एका धान्यावर पोट भरण्याची पाळी आली, की हा रोग डोके वर काढतो.

म्हणून दोष मक्याला देऊ नये आणि ज्वारीलाही देऊ नये. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी खाण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असते. तीच गोष्ट डाळीची, ताकाची व अंड्याची. वर दिलेल्या कृतीतही ताक व अंडी आहेत. सुस्थितीतील घराचा कॉर्नब्रेड आणि गिरणी कामगाराचा कॉर्नब्रेड यांतील अंतर बहुतांशी याच दोन जिनसांचे व ताटातील शेंगाभाज्यांचे होते.

व्यवसायात आजही पेलाग्राचा रुग्ण समोर येऊ शकतो. मद्यासक्त माणूस, आयसोनियाझिड घेणारा व पोटभर न जेवणारा क्षयरोगी, आतड्याच्या जुनाट विकाराचा रुग्ण यांच्या हातापायांवर व मानेवर उन्हाने उठलेले, दोन्ही बाजूंस सारखे, काळपट चट्टे दिसले तर ते केवळ त्वचारोग म्हणून मलमावर सोडू नयेत. जुलाब व भ्रम आहे का, जीभ लाल झाली आहे का, हे पाहावे. निकोटिनमाइड दिल्यावर जीभ व जुलाब काही दिवसांतच सुधारतात. त्वचेस काही आठवडे लागतात. उपचार स्वस्त आहे, निदान मात्र सुचावे लागते.

रुग्णाला ‘तुम्ही काय खाता?’ असे आपण विचारतो. ‘भाकरी’ किंवा ‘भात’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. ‘त्यासोबत काय खाता आणि महिन्याच्या अखेरीस काय खाता?’ असेही विचारावे. गोल्डबर्गर यांनी नेमके हेच केले होते.